आमचे टँकरवाले

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा ‘टँकरवर असतो’ एवढंच आमच्या कानावर आलं. इंदूरमध्ये टँकर म्हणजे पाण्याचा टँकर. उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहणारा, निम्मं पाणी रस्त्याला पाजणारा, आणि ज्याच्या ड्रायव्हरची मनधरणी करता करता बायकांचा घसा बसतो तो. सियागंजात घाऊक किराण्याच्या दुकानात काम करणारे माझे काका तर कपाळाला हात लावून बसले.

“सरकारी नोकरी म्हणतात, आणि मुलगा पानी वाटतो?”

स्थळ आणणाऱ्या आत्याने समजावलं, “दादा, नेव्हीचा टँकर आहे तो. समुंदरात असतो.”

“समुंदरात टँकर कशाला?” काका म्हणाले. “तिथे तर पानीच पानी आहे ना!”

काकांना तरी काय बोल लावायचा? आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते, ह्यांचेही तसेच. दोन्ही घराण्यांत घोड्यावरून पडून हातपाय मोडून घेतलेले लोक मुबलक होते, पण पोहता येणारा एकही नव्हता. समुद्र आम्ही कॅलेंडरवर पाहिलेला.

मग हे मला पाहायला आले. मी चहाचा ट्रे ठेवला, आणि मुलीकडे बघायचं सोडून ह्यांनी दोन भरलेल्या कपबश्या पुढे ओढल्या. ही आमची टँकर, म्हणाले, आणि ही लढाऊ बोट. समुद्रात पेट्रोलपंप नसतो, म्हणून आम्हीच पंप घेऊन फिरतो. दोघी शेजारीशेजारी, एका वेगाने चालायच्या, थांबायचं नाही, आणि चालता चालता ह्या बोटीतून त्या बोटीत नळीने तेल द्यायचं. मध्ये चमचा ठेवून त्यांनी दोन्ही कप टेबलावरून एका वेगाने ढकलत नेले. टेबल संपलं आणि एक कप काकांच्या धोतरावर गेला. मला हसू आवरेना, आणि मला मुलगा पसंत पडला. नोकरी काय ते मला तेव्हाही नीटसं कळलं नव्हतं, पण एवढ्या आनंदाने स्वतःच्या कामाबद्दल बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मराठीत जहाज नपुंसकलिंगी, पण हे तिला कायम ‘ती’ म्हणायचे. ती आज दमली होती, ती आज नीट चालली, तिला रंग दिला. मग मीही तिला माझी सवत म्हणायला लागले. सवतही कशी, तर जाडजूड, संथ, पोटात तेल भरलेली, तोफा नाहीत की रुबाब नाही. छब्बीस जानेवारीला टीव्हीवर नौदल दाखवायचे तेव्हा मी डोळे फाडून बघायची, तर ती कधीच दिसायची नाही. पुढे टोकदार नाकाच्या बोटी, वर विमानं, आणि आमची बया कुठे तरी क्षितिजाच्या मागे.

“तिला कोण दाखवणार?” हे म्हणायचे. “वरातीचं जेवण ज्याने केलं त्याचा फोटो काढतात का?”

पण तिच्यावरच्या माणसांना एक मोठा अभिमान होता. दिवस असो, रात्र असो, वादळाचं पाणी असो, टाकी रिकामी घेऊन शेजारी आलेली बोट त्यांनी कधी रिकामी परत पाठवली नाही. तेलाबरोबर ती गोडं पाणीसुद्धा वाहून न्यायची. एकदा किनाऱ्यावर वादळ होऊन गेल्यावर गावातल्या विहिरीत खारं पाणी शिरलं होतं, तेव्हा आमच्या सवतीने तिथल्या लोकांना प्यायला पाणी दिलं. हे कळलं तेव्हा मी काकांकडे मुद्दाम जाऊन सांगितलं की तुम्ही म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं, जावई पाणी वाटतो खरा.

वर्षातून एखादा दिवस घरच्या माणसांना जहाजावरून समुद्रात फिरवून आणत. मी तशी एकदाच गेले, आणि निम्मा वेळ ओकण्यात गेला तरी बाकीच्या निम्म्या वेळात जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. एक बोट आमच्या बाजूला आली. इतकी जवळ, की पलीकडच्या माणसांचे दात दिसत होते. दोन्ही चालतायत, आणि मधलं पाणी नुसतं उकळतंय. आमच्या बाजूने एकाने बंदूक उचलली आणि झाडली. मी किंचाळले. बंदुकीतून निघाली ती बारीक दोरी. पलीकडच्यांनी ती पकडली, तिच्या मागून जाड दोर गेला, मग तार, मग तारेवरून लोंबत हत्तीच्या सोंडेएवढी नळी. आमच्या जहाजाची बंदूक ती एवढीच, दुसऱ्याला दोरी देणारी.

आवाज इतका, की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे कोणी बोलतच नव्हतं. कठड्याशी माझा नवरा दोन हातांत दोन बॅट घेऊन उभा होता, टेबल टेनिसच्या असतात तशा लाकडी, एक लाल आणि एक हिरवी. हिरवी गोल फिरवली की पंप सुरू. लाल सरळ वर धरली की बंद. घरी दुधावर लक्ष ठेव म्हटलं तर ते उतू घालवणारा हा माणूस तिथे पापणी न हलवता उभा होता, आणि सगळी माणसं त्याच्या हाताकडे बघत होती.

त्या माणसांतले तिघे पुढे आमच्या घरचेच झाले. एक कोकणातले, डेकवरचे मुख्य, त्यांना सगळे चीफ म्हणत. दुसरे पंप चालवणारे सरदारजी. तिसरा केरळचा कुक, जो ह्यांनी सुट्टीवरून नेलेली शेव सांबारात घालून खायचा. ह्यांना ते तिघे ‘इंदोरी’ म्हणत. माझं बाळंतपण अडलं तेव्हा हे भर समुद्रात होते. नौदलाच्या दवाखान्यात रक्त द्यायला धावत आले ते तेव्हा सुट्टीवर असलेले सरदारजी आणि त्यांची बायको. मुलीला पहिला भात भरवला कुकने. ह्या माणसांचं आणि माझं रक्ताचं नातं नाही असं मी म्हणूच शकत नाही, सरदारजींचं अख्खं बाटलीभर माझ्या अंगात आहे.

नोकरी संपल्यावर आम्ही इंदूरला परत आलो. छत्रीबागेत, एका अरुंद गल्लीत, जिथे गल्ली कोपरासारखी वळते तिथे आमचं घर आहे, रस्त्यालगत लहानसा ओटा. ह्यांनी एका कारखान्यात काही वर्षं काम केलं, मग तेही सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. गल्लीत कोणाचा नळ गळतो, कोणाचं पोरगं नापास झालं, सगळं ह्यांना आधी कळायचं. मी म्हणायची, जरा तोंडाला विश्रांती द्या. आता हे वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

गेल्या हिवाळ्यात कळलं की माझी सवत निवृत्त होणार. मुंबईला शेवटचा कार्यक्रम होता, सूर्य मावळताना झेंडा उतरवायचा, जुन्या माणसांना बोलावलं होतं. ह्यांनी कोट धुवून आणला, बुटांना पॉलिश केलं. निघायच्या आदल्या सकाळी दाढी करता करता हातातून वस्तरा पडला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि वाचा गेली.

पाय हळूहळू आला. काठी घेऊन हे घरात चालायला लागले. वाचा मात्र आली नाही. सगळं समजायचं, पण बोलायला गेले की तोंडातून एकच शब्द निघायचा. “अरे.” पाणी हवं असलं तरी “अरे, अरे.” पंखा बंद करायचा असला तरी “अरे.” मुलीचा फोन आला, तिला नावाने हाक मारायची होती, तर तोंडातून तेच. तिकडे तिला रडू फुटलं ते ह्यांना ऐकू गेलं. त्या दिवसापासून ह्यांनी ओठ मिटून घेतले ते मिटूनच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ओट्यावर पाऊल ठेवीनात. कोणी भेटायला आलं तर चादर डोक्यावरून.

तुकोगंजात एका दवाखान्यात बोलायला शिकवणारी डॉक्टर आहे, पुण्याहून नोकरीसाठी आलेली, आमच्या मुलीच्या वयाची. तिचं मराठी इतकं शुद्ध, की तिच्यासमोर मला माझंच तोंड तपासून घ्यावंसं वाटायचं. तिने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “काकू, शब्द परत येऊ शकतात, पण ते येतात बोलण्याच्या धडपडीतून. हे पहिले महिने फार मोलाचे असतात. काका धडपडच करत नाहीयेत. त्यांना माणसांत आणा, कसंही करून आणा.”

कसंही करून म्हणजे कसं? मी लाडीगोडी केली, रागावले, रडलेसुद्धा. लग्नापासूनची जुनी भांडणं उकरून काढली, म्हटलं निदान चिडून तरी बोलतील. हे नुसते बघत राहिले. ज्याच्या बडबडीचा मला आयुष्यभर वैताग आला, तो माणूस माझ्या घरात बसून मला एकटीला टाकून गेला होता. शेवटी मी चीफना फोन केला. काय मागावं तेही सुचत नव्हतं. “चीफ, तुमचा इंदोरी चालला हो,” एवढंच म्हटलं.

“आम्ही येतो,” चीफ म्हणाले.

आता खरी गंमत पुढे आहे. तेव्हा ऐन वैशाख होता. रस्त्याच्या खोदकामात आमच्याकडे येणारा पाण्याचा पाईप फुटला होता, बोअर आटले होते, आणि गल्ली पाण्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठली होती. तिघांच्या येण्याच्या आदल्या दिवशी समोरच्या बाईने विचारलं, “काय वहिनी, इतनी साफसफाई? कोन येऊन राहिलंय?”

मी घाईत होते. म्हटलं, “उद्या सकाळी टँकरवाले येतायत आमच्याकडे.”

झालं. कशी पसरली बातमी ते देवाला ठाऊक. सकाळी दार उघडलं तर दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत बालट्या, ड्रम, हंडे, रंगाचे रिकामे डबे, एकीने तर बाळाचा टब आणलेला. सगळे आमच्या घराकडे बघतायत. समोरची बाई पहिल्या नंबरवर, कंबरेला पदर खोचून.

“वहिनी, किती बजे येईल टँकर?”

मला अर्थबोध व्हायच्या आत वळणाशी रिक्षा थांबली. आतून काठी टेकत चीफ उतरले, मागून पांढऱ्या दाढीचे सरदारजी, आणि शेवटी आपलं पोट आधी काढून मग स्वतः कुक.

“भिया, टँकर किधर है?” रांगेतून कोणीतरी विचारलं.

सरदारजींनी छाती फुगवली. त्यांना वाटलं आपल्या स्वागताला गल्ली जमली आहे. “हम ही हैं जी टँकर!”

पुढची पाच मिनिटं मी वर्णन करत नाही. काही हसले, बरेच चिडले. समोरची बाई मला म्हणाली, “मजाक लावलाय का सकाळी सकाळी? घरात पोरांना नहायला पानी नाही!” ती चुकीची बोलत नव्हती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिघांना आत ओढलं.

आत ह्यांनी त्यांना बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं, एवढ्या लांबून आली माणसं आणि हे असं. पण त्या तिघांनी ना ‘कसा आहेस’ विचारलं, ना पाठीवरून हात फिरवला. कुक सरळ स्वयंपाकघरात गेला आणि शेवेचा डबा शोधायला लागला. सरदारजी पलंगावर बसले, पलंग कुरकुरला. चीफनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून ह्यांच्या उशाशी ठेवलं. लाल बॅट, हिरवी बॅट. रंग उडालेला, दांडे हातांनी गुळगुळीत झालेले.

“तिला तोडायला नेतायत,” चीफ म्हणाले. “ह्या मी रीतसर मागून घेतल्या. रीतसर.” हे त्यांनी दोनदा सांगितलं, त्यामुळे मला जरा शंका आली.

ह्यांनी बॅटकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

बाहेर अजून आरडाओरडा चालूच होता. चीफनी मला विचारलं, काय प्रकार आहे. मी सांगितला. त्यांनी सरदारजींना हिंदीत सांगितला. सरदारजींचा चेहरा एकदम गंभीर झाला. म्हणाले, “चीफ साब, टँकर के दरवाजे से लोग खाली हाथ जाएँगे?”

आणि तिघेही उठले. सत्तरीची माणसं, एकाचे गुडघे बदललेले, एकाला साखरेचा आजार. पण मला त्या क्षणी ते जहाजावरच दिसले. आमच्या शेजारचा एक भिया सियागंजात पाईप आणि मोटारींच्या दुकानात बसतो. चीफनी त्याला हाताशी धरलं. त्याच्या ओळखीत टँकरचा मालक निघाला, दुकानातून लांब नळी उसनी मिळाली, आणि दुपार व्हायच्या आत टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

पण तोंडाशीच. आमच्या गल्लीत टँकर शिरत नाही. नेहमी हेच होतं. नळी वळणावरून आत येते, इकडे भांडं भरून वाहतं, इकडून ‘बंद करा’ म्हणून ओरडतात, तिकडे पंपाच्या आवाजात काही ऐकू जात नाही, आणि निम्मं पाणी गटारात. मग भांडणं. सरदारजी पंपाशी उभे राहिले, कुकने नळीचं टोक धरलं, पण मध्ये वळण. एकमेकांना ते दिसेनात. दोन्हीकडचं दिसेल अशी गल्लीत एकच जागा होती, आमचा ओटा.

चीफ आत आले. एक खुर्ची उचलून त्यांनी ओट्यावर नेली. मग पलंगाशी उभे राहून, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, “इंदोरी, बोट बाजूला लागलीय. तुझ्या जागेवर माणूस नाही.”

मी दारात उभी होते. हे तसेच पडून होते. मग डावा हात उशाशी सरकला, आणि त्याने हिरवी बॅट धरली.

चीफनी त्यांना आधार दिला नाही. मी पुढे झाले तर मला डोळ्यांनी थांबवलं. हे काठीशिवाय, भिंतीला टेकत, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा ओट्यावर आले. खुर्चीत बसले. उजवा हात बॅट धरू शकत नव्हता, म्हणून चीफनी मागून आणलेली लाल बॅट ह्यांनी गुडघ्यांमध्ये पकडली आणि हिरवी डाव्या हातात. डावीकडे बघितलं, सरदारजी. उजवीकडे बघितलं, कुक. आणि हिरवी बॅट गोल फिरवली.

पंप सुरू झाला. नळी फुगली. समोरच्या बाईचा ड्रम भरायला लागला. तो काठाशी येतो न येतो तोच ह्यांनी हिरवी मांडीवर टाकली, गुडघ्यांतून लाल उपसली आणि सरळ वर धरली. पंप बंद. थेंबभर पाणी खाली सांडलं नाही.

“वाह, अंकलजी!” कोणीतरी म्हणालं.

पुढचा हंडा, पुढची बालटी. हिरवी, लाल, हिरवी, लाल. एका हाताने दोन बॅट सांभाळताना एकदा लाल खाली पडली, तर बाळाचा टब आणलेल्या पोरीने ती उचलून गुडघ्यांत नीट लावून दिली, काही न बोलता. थोड्या वेळाने लोकांनी ओरडणं सोडूनच दिलं. सगळी गल्ली ह्यांच्या हाताकडे बघत होती. मी ते एकदा समुद्रावर पाहिलं होतं. दुसऱ्यांदा छत्रीबागेत पाहीन असं वाटलं नव्हतं.

आणि मग गल्लीच्या टोकाचा एक जाडा इसम, जो रांगेत उभाच नव्हता, त्याने बिनदिक्कत पुढे येऊन कुकच्या हातातली नळी स्वतःच्या ड्रमात वळवली.

ह्यांची लाल बॅट ताडकन वर गेली, आणि तोंडातून निघालं, “अरे! अरे! अरे!”

असलं खणखणीत, की वळणापलीकडे सरदारजींना पंपाच्या आवाजात ऐकू गेलं. तो माणूस चपापला. नळी सोडून मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. सगळी गल्ली हसली, टाळ्या पडल्या. समोरची बाई ओरडली, “बरोबर बोलले अंकलजी! एकदम बरोबर बोलले!”

बरोबर बोलले. ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. इतके महिने तो एकच शब्द चुकीच्या ठिकाणी येऊन ह्यांची लाज काढत होता, आणि आज जिथे हवा होता तिथे आला. तिथे ‘अरे’शिवाय दुसरं काही म्हणताच आलं नसतं. ह्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी अजून हसत नाही, पण मला डावी पुरली. मी आत जाऊन, कोणाला दिसणार नाही असं, पोटभर रडून घेतलं.

त्या दिवशी गल्लीतलं एकही भांडं रिकामं गेलं नाही. राहिलं ते शेवटी फक्त आमचंच. संध्याकाळपर्यंत घरी वाट्या येत राहिल्या, कोणाच्या घरून दाल-बाफले, कोणाकडून भुट्ट्याचा कीस. सरदारजींनी सगळं चाखलं. कुकने भुट्ट्याच्या किसात शेव घातली, आणि ते समोरच्या बाईला आवडलं म्हणे. दुसऱ्या दिवशी निघताना चीफना मी वाकून नमस्कार केला. ते संकोचले. “वहिनी, मी काय केलं? फक्त खुर्ची उचलली,” म्हणाले. रिक्षा वळेपर्यंत हे ओट्यावर हिरवी बॅट फिरवत उभे होते. खुर्चीत बसून नाही, उभे.

माझी सवत आता कुठल्या तरी किनाऱ्यावर तुकडे होऊन पडली असेल. तिचे कसले पुतळे होणार नाहीत. पण तिने माझ्या नवऱ्याला तीन भाऊ दिले, माझ्या अंगात रक्त दिलं, आणि स्वतः संपून जाताना माझा माणूस मला परत दिला. एवढं कोणती सवत करते? मी तिला जन्मभर टोमणे मारले ते सगळे प्रेमाने मारले होते, हे तिला कळलं असावं.

हे आता रोज ओट्यावर बसतात. पाईप दुरुस्त झाला, पण गल्लीत स्कूटर वळवायची असली तरी लोक ह्यांच्या हाताकडे बघतात. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “काकू, त्या ‘अरे’ला धरून राहा. जिथे तो शोभेल, तिथे त्यांना म्हणू द्या.”

मी एवढी आज्ञाधारक नव्हे, पण ही गोष्ट मी मनावर घेतली. सकाळी आम्ही ओट्यावर चहा घेतो. मी किटली घेते, ह्यांच्या कपात ओतते. कप भरत आला की ह्यांचा डावा पंजा वर जातो, लाल बॅट असल्यासारखा. मी बघितलंच नाही असं दाखवते आणि ओतत राहते. मग येतं, “अरे, अरे.” तेवढ्यासाठी मी रोज एक बशी चहा वाया घालवते. माझ्यासारख्या चिकट बाईने, विचार करा.

परवा मी अशीच ओतत होते. पंजा वर गेला. मी रस्त्याकडे बघत राहिले. “अरे,” हे म्हणाले. बशी भरली. “अरे, अरे.” चहा ट्रेमध्ये उतरला. मी ओतत होते. ट्रे भरून चहा ह्यांच्या पायजम्यावर आला, तेव्हा हे चिडून माझ्याकडे वळले, ओठ दोनदा नुसतेच हलले, आणि म्हणाले,

“पुरे.”

मी किटली खाली ठेवली.